एका घरातले दोन अभिनय

'चिमणराव गुंड्याभाऊ'मधला अभिनय एकसंध नाही, हा आक्षेप खराच आहे. मुंबई दूरदर्शनच्या १९७०च्या दशकातील या मालिकेत दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आवाज, मान, हातवारे या सगळ्यांनी व्यंगचित्राकडे झुकतो. बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ मात्र शेजारच्या वाड्यातून उठून आल्यासारखा साधा. पण हा दोष मानण्यापूर्वी चिं. वि. जोशींच्या कथांकडे जावे. त्या चिमणरावच सांगतो. पडद्यावर निवेदन गळले, तेव्हा त्याचा भित्रेपणा नटाला देहातून सांगावा लागला.

पुढे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त तेच प्रभावळकर घरातले सर्वांत संयत पात्र ठरतात. आबांच्या हाती रोजनिशी आहे; टिप्पणी तिथे होते, चेहऱ्याला ती करावी लागत नाही. भोवतीची तरुण मंडळी मोठ्याने वावरली तरी चालते.

भिवंडीच्या यंत्रमागावर उभा धागा ताणलेला असतो, आडवा त्यामानाने सैल; तरी कापड एकच होते. अभिनयातली विषमता खटकते ती नट समोरच्याचे ऐकेनासा झाला की. गुंड्याभाऊ चिमणरावाचे प्रत्येक वाक्य ऐकतो. म्हणून ते दोघे एकाच घरातले वाटतात.