हाताचा वेग मोजणाऱ्या स्वस्त चाचण्या : एक चिकित्सा

मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, तिथे एमआरआय आहे. त्याच गावच्या औद्योगिक वसाहतीतील लहान दवाखान्यात मात्र घड्याळ आणि मोबाइल एवढ्यावरच भागवावे लागते. तेवढ्यावर हाताचा वेग मोजता येतो. पण कोणती चाचणी नेमके काय मोजते, हे आधी तपासा.

पार्किन्सनसाठीच्या एमडीएस-यूपीडीआरएस मापनात रुग्ण तर्जनी अंगठ्यावर 10 वेळा आपटतो व 0 ते 4 गुण मिळतात. साधन लागत नाही, ही जमेची बाजू. पण वेग, हालचालीचा आवाका आणि अडखळणे एकाच आकड्यात मिसळते. 60 सेकंदांत ठोकळे पलीकडे टाकण्याच्या चाचणीत मोजणी नेमकी होते. मात्र त्यात पकड आणि खांदाही येतो.

म्हणून मोबाइलवर 10 सेकंदांचे चित्रण करा आणि पहिल्या व शेवटच्या 5 सेकंदांतील टिचक्या वेगळ्या मोजा. समजा, दोघांच्याही 50 भरल्या: एकाच्या 25 आणि 25, दुसऱ्याच्या 32 आणि 18. दुसऱ्याचा हात मंदावत गेला, हे एकूण आकड्यात दिसत नाही. दोन्ही हात तपासा, सवयीचा हात कोणता ते लिहा. यंत्रावर हात चालवून पोट भरणाऱ्याला केवळ एकूण संख्येवरून कामावर परत पाठवू नका.