सुंभ जळाला तरी... : ‘वाडा चिरेबंदी’तील संपत्ती आणि माणसांची वागणूक

प्रस्तावना

संपत्तीचा माणसाच्या स्वभावावर आणि इतरांशी वागण्याच्या रीतीवर काय परिणाम होतो, हा मराठी नाटकाचा जुना विषय आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकात वृद्ध भुजंगनाथ पैशाच्या बळावर कोवळ्या शारदेशी लग्न ठरवतो आणि तिचा बाप कांचनभट पैशाच्या लोभाने त्याला संमती देतो. विजय तेंडुलकर यांच्या ‘गिधाडे’ (पहिला प्रयोग १९७०) या नाटकात पैशासाठी मुले बापावरच हात उगारतात. या दोन्ही नाटकांत संपत्तीचा लोभ उघडावाघडा आहे. दोषी कोण, हे ठरवण्यास प्रेक्षकाला फारसे कष्ट पडत नाहीत.

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या परंपरेत वेगळे उभे राहते. येथे खलपुरुष नाही. विशेष म्हणजे येथे संपत्तीही जवळजवळ संपलेली आहे. त्यामुळे या नाटकाने निराळाच प्रश्न समोर आणला आहे. संपत्ती गेल्यावर तिने लावलेल्या वागण्याच्या सवयीही जातात काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने नाटकाचा विचार केला आहे. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे या नाट्यत्रयीचे पुढील भाग लेखाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी झाला. विदर्भातील जमीनदार ब्राह्मण कुटुंबांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ साली रंगभूमीवर आले. पुढे १९९४ साली ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली तिन्ही नाटकांचा सलग प्रयोग सादर केला. ‘युगान्त’साठी लेखकाला २००२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नाटकातील देशपांडे कुटुंब धरणगावचे. त्यांच्या ऱ्हासामागे एक सामाजिक इतिहास आहे. विदर्भासाठीचा १९५८ चा कुळकायदा आणि शेतजमिनीच्या कमाल धारणेवर मर्यादा घालणारा १९६१ चा कायदा यांमुळे मोठ्या जमीनदार घराण्यांचा आर्थिक पाया खचला. हे कायदे न्याय्य होते, यात शंका नाही. मात्र कायद्याने जमीन काढून घेता येते. त्या जमिनीच्या जोरावर अंगी मुरलेला दर्जाचा अभिमान काढून घेता येत नाही. नाटकाचा आरंभ होतो तेव्हा घरातील कर्ते पुरुष तात्याजी वारले आहेत, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे आणि मुंबईहून धाकटा मुलगा सुधीर पत्नी अंजलीसह घरी येतो. तेराव्यापर्यंतच्या दिवसांत कुटुंबाचे सगळे हिशेब उघडे पडू लागतात.

तेराव्याचा खर्च

थोरला भास्कर आणि सुधीर यांच्यातील पहिला मोठा ताण तेराव्याच्या खर्चावरून निर्माण होतो. घराण्याच्या नावाला शोभेल असे गावजेवण झाले पाहिजे, हा भास्करचा आग्रह. ऐपतीप्रमाणे करावे, हा सुधीरचा विचार. वरवर पाहता हा परंपरा आणि आधुनिकता यांच्यातील वाद वाटतो. प्रत्यक्षात तो संपत्तीच्या दोन अवस्थांमधील वाद आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली, म्हणजे ‘संगीत शारदा’च्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे दाखवले, की संपत्ती नुसती जवळ असून प्रतिष्ठा मिळत नाही, ती चारचौघांना दिसावी लागते. ती दाखवण्याचे मार्ग दोन: डोळ्यांत भरेल असा खर्च करणे आणि कष्टाच्या कामापासून दूर राहणे. भास्करला हे दोन्ही मार्ग वारशाने मिळाले आहेत. मिळालेली नाही ती फक्त त्यांमागची संपत्ती. त्यामुळे तेराव्याचे जेवण हे त्याच्या दृष्टीने मृताचे ऋण फेडणे जितके आहे, तितकेच गावासमोर आपण अजून देशपांडे आहोत, हे सिद्ध करणेही आहे. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण येथे सहज आठवते. परंतु ही म्हण घराला हसते आणि थांबते. वासा पोकळ झाल्यावर छपराचा भार कोणाच्या खांद्यावर येतो, हे ती सांगत नाही. एलकुंचवारांचे नाटक नेमके तेथून पुढे जाते.

भावाभावांचा हिशेब

या नाटकातील एक मार्मिक गोष्ट अशी, की प्रत्येक भाऊ दुसऱ्याला आपल्यापेक्षा सुखवस्तू समजतो. भास्करच्या लेखी सुधीर मुंबईचा नोकरदार; दरमहा पगार घेणारा, घराच्या ओढाताणीतून सुटलेला. सुधीर आणि अंजली यांच्या लेखी वाडा, शेती, दागिने हे सगळे भास्करच्या ताब्यात. महानगरातील तुटपुंज्या जागेत काटकसरीने चाललेला संसार भास्करला दिसत नाही आणि गावाकडचे रिकामे होत चाललेले कोठार सुधीरला पुरते दिसत नाही.

दोघांमध्ये प्रेम नाही, असे म्हणता येणार नाही. वडिलांच्या मृत्यूचे दुःख दोघांनाही आहे. तरीही एकमेकांच्या प्रत्येक शब्दामागे काही लपवले आहे काय, असा संशय त्यांच्या मनात येतो. येथे संपत्तीचा परिणाम लोभाच्या रूपाने दिसत नाही, तर माणसाकडे पाहण्याच्या दृष्टीत दिसतो. भाऊ हा भाऊ राहतोच, परंतु त्याच वेळी तो वाटेकरीही होतो. ‘गिधाडे’तील भावंडे एकमेकांवर तुटून पडतात, येथील भाऊ एकमेकांची विचारपूस करता करता एकमेकांचे मोजमाप घेतात. दुसरा प्रकार आपल्या घरांत अधिक आढळतो, म्हणूनच तो अधिक अस्वस्थ करतो.

दागिन्यांचे दृश्य

भास्करची पत्नी, म्हणजे वहिनी, रात्रीच्या वेळी घराण्याचे दागिने अंगावर चढवते, ते दृश्य मराठी रंगभूमीवर विशेष गाजले. कष्टाने पिचलेली ही स्त्री काही क्षण वेगळीच दिसू लागते. पती-पत्नींमध्ये एरवी हरवलेला जिव्हाळाही त्या क्षणी जागा होतो. लेखकाने या दृश्यात वहिनीला लोभी ठरवलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. आयुष्यभर राबूनही जो मान मिळाला नाही, तो तिला सोन्याच्या स्पर्शात क्षणभर सापडतो.

परंतु हाच ऐवज पुढे घराच्या हातून जातो. भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते आणि जाताना दागिने नेते. या घटनेकडे केवळ रंजूचा उथळपणा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष प्रतिष्ठा, खर्च आणि वाटण्या यांत गुंतलेले असताना वाढत्या वयाच्या मुलीच्या मनात काय चालले आहे, हे पाहायला कोणाला सवड नव्हती. जपून ठेवलेले सोने आणि दुर्लक्षित राहिलेली मुलगी एकाच वेळी घराबाहेर पडतात, यात नाटकाची मोठी अर्थपूर्णता आहे.

चंदू आणि प्रभा : हिशेबाबाहेरची माणसे

नाटकाविषयी बोलताना समीक्षकांचा भर बहुधा वाडा, तात्याजी, भास्कर आणि सुधीर यांवर राहिलेला दिसतो. वर्गात हे नाटक शिकवतानाही विद्यार्थी याच पात्रांविषयी भरभरून बोलतात. चंदूविषयी विचारले, तर ‘तो भोळा आहे’ एवढेच उत्तर मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते चंदू आणि प्रभा हीच या नाटकाची कसोटी आहे.

चंदू हा या घराचा मुलगा. तरीही घरातील पडेल ते काम तोच करतो. थोरल्याने किरकोळ कामाला हात लावायचा नाही, ही श्रीमंतीच्या काळातील रीत. त्या काळी ते काम गडीमाणसे करत असत. गडी ठेवण्याची ऐपत गेली, रीत मात्र राहिली. आणि गड्याची रिकामी जागा घरातल्याच मुलाने भरली. हे कोणी ठरवून केले नाही. कोणी त्याच्यावर अन्याय करावा म्हणूनही केले नाही. म्हणूनच त्याच्या पायाच्या जखमेकडे पाहण्याची तातडी कोणाला वाटत नाही. राबणाऱ्याचे दुखणे थांबू शकते, पाहुण्यांची पंगत थांबू शकत नाही, हा जुन्या वैभवाचा नियम घरातील माणसाला लागू होतो.

प्रभाची स्थिती याहून कठीण आहे, कारण तिला आपल्यावरचा अन्याय कळतो. तिची शिकण्याची इच्छा होती. देशपांड्यांच्या मुलीने शिक्षणासाठी घराबाहेर पडणे तात्याजींना मान्य नव्हते. घराण्याच्या मोठेपणाची किंमत तिने आयुष्याने चुकवली. कायद्याचा विचार केला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला होता. परंतु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क तिला महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. नाटक १९८५ चे. म्हणजे घराण्याच्या प्रतिष्ठेचे ओझे प्रभाने मुलांच्या बरोबरीने, किंबहुना अधिक वाहिले. मिळकतीत मात्र ती बरोबरीची नव्हती.

शोकगीत म्हणून वाचनाची मर्यादा

‘वाडा चिरेबंदी’ हे ढासळत्या सरंजामी व्यवस्थेचे शोकगीत आहे, असे सामान्यतः म्हटले जाते. या मतात तथ्य आहे. काळाचे भान हरपलेली दादी, गंजलेला ट्रॅक्टर, वाड्याच्या चिरा यांतून ऱ्हासाची तीव्र जाणीव प्रेक्षकाच्या मनाला भिडते आणि लेखकाला या माणसांविषयी वाटणारी करुणाही खरी आहे. परंतु शोक नेहमी गमावलेल्या गोष्टीचा असतो. चंदू आणि प्रभा यांच्यापाशी गमावण्यासारखे वैभव कधी नव्हतेच. वाडा भरभराटीत असतानाही प्रभाला बाहेर जाता आले नसते. त्यामुळे नाटक केवळ शोकगीत म्हणून वाचले, तर वाड्याच्या दुःखात या दोघांचे दुःख विरघळून जाते. आपणही मग भास्करप्रमाणे घराण्याकडे पाहत राहतो आणि ओसरीवर राबणारा माणूस आपल्याला दिसेनासा होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. घरातील दुबळ्यावर कामाचा भार पडणे हे गरीब कुटुंबांतही घडते; त्याचा संबंध संपत्तीशी का जोडावा? याचे उत्तर असे, की गरिबीत काम वाटून घेण्यास लाज आड येत नाही. देशपांड्यांच्या घरी ती येते. भार कमी असता तरी तो भास्करने उचलला नसता, कारण उचलणे हेच त्याच्या दर्जाला कमीपणा आणणारे आहे. ही लाज संपत्तीने घडवलेली आहे.

निष्कर्ष

१. ‘वाडा चिरेबंदी’त संपत्तीचा परिणाम तिच्या असण्यापेक्षा तिच्या नसण्यात अधिक स्पष्ट दिसतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, या म्हणीचा अनुभव येथे येतो.

२. संपत्ती माणसाला क्रूर करतेच असे नाही. स्वभावाने चांगल्या माणसांनाही ती कोणाचे दुःख आधी पाहायचे आणि कोणाचे नंतर, याचा क्रम लावून देते. हा क्रम संपत्ती गेल्यावरही टिकतो.

३. या क्रमाचा भार बाहेरच्यांवरून सरकत घरातील दुबळ्यांवर येतो. चंदू आणि प्रभा ही त्याची उदाहरणे होत.

आज गावोगावचे असे वाडे पडले आहेत किंवा विकले गेले आहेत. त्यांच्या जागी नवी घरे आणि नवी श्रीमंती आली आहे. या घरांतही समारंभाच्या खर्चावरून भावांचे अबोले होतात आणि कोणीतरी एक चंदू न बोलता पाणी भरत असतो. नाटकाची प्रस्तुतता पडलेल्या वाड्यापेक्षा या घरांत अधिक आहे. म्हणून ते वाचताना वा शिकवताना वाडा कसा पडला, या प्रश्नाबरोबर तो उभा असताना कोणाच्या खांद्यावर उभा होता, हा प्रश्नही विचारला जाणे आवश्यक वाटते.