जागरणाची संहिता आणि कोटंबा

मराठी लोकसाहित्याच्या संकलनांत खंडोबाचे जागरण येते ते बहुधा पदांच्या रूपाने. पदे छापली जातात; वाघ्याचा कोटंबा, म्हणजे त्याचे लाकडी वा तांब्याचे चौकोनी भिक्षापात्र, तळटीपेत जातो. ही विभागणी निरुपद्रवी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाला नवस फेडणारे घर जागरण घालते, तेव्हा पद आणि पात्र अशी दोन खाती कोणी मांडत नाही.

पश्चिम आफ्रिकेतील योरुबांची ‘इफा’ ही कौलपद्धती येथे तुलनेला उपयोगी पडते. बाबालावो, म्हणजे तेथील दैवज्ञ, ताडाच्या सोळा बिया हाताळतो. हातात एक उरली की दोन, यावरून फळीवरील भुकटीत खुणा उमटवतो. अशा २५६ आकृतींपैकी जी सिद्ध होते, तिचीच कवने म्हटली जातात. संहितेची निवडच वस्तूंच्या हाती असते. या बिया ठेवण्याचे कोरीव पात्र म्हणजे ‘आगेरे इफा’. गुडघे टेकलेली स्त्री किंवा अश्वारूढ पुरुष ते डोक्यावर तोलून धरतो. संग्रहालयांनी हे पात्र शिल्प म्हणून गौरवले, पण काचेआड त्याची कवने मुकी झाली. मराठी संकलकाने नेमके उलटे केले.

कोटंबा पद निवडत नाही. तो गाणाऱ्याला बदलतो. जुन्या नोंदींत दसऱ्याच्या विधीचे वर्णन आहे: कोटंब्यात अन्न वाढले जाते, वाघे भुंकत त्यावर तुटून पडतात आणि कुत्र्यांसारखे खातात. (नावात वाघ, वर्तनात कुत्रा, हा तिढा वेगळाच.) खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो, विधीत भक्त त्या जागी जाऊन बसतो. हे पात्र वगळून पद वाचणारा अभ्यासक ‘मी देवाचा कुत्रा’ या भावाला रूपक ठरवतो, विनयाचा अलंकार म्हणून त्याची वर्गवारी करतो. वस्तुतः तेथे उपमेय आणि उपमान असे दोन उरतच नाहीत. अलंकारशास्त्राची परिभाषा येथे केवळ अपुरी नाही, दिशाभूल करणारी आहे.

अशाने साहित्याभ्यास मानववंशशास्त्राच्या दावणीला बांधला जाईल, असा आक्षेप येईल. पण एखादे विधान रूपक आहे की कृती, हा प्रश्न पूर्णतः वाङ्मयीन आहे, आणि त्याचा निर्णय छापील पानावर होत नाही. संपादकाला कोटंबा तळटीपेतून उचलून पदांच्या ओळींमध्ये, तो ज्या क्षणी पुढे येतो त्या क्षणी, नोंदवावा लागेल.