मधली खुर्ची

आपली आत्मकथनं मी शीव कोळीवाड्याच्या खोलीत बसून पुन्हा ओळीने वाचली. (स्टेशनावर आता गुरू तेग बहादूर नगर लिहिलंय, आमच्या तोंडी अजून कोळीवाडाच.) एक गोष्ट खटकली. राग यायचा त्याला येवो.

सोनकांबळ्यांच्या 'आठवणींचे पक्षी'त (1979) शिकण्यासाठी वणवण करणारं पोर आहे. 'आमचा बाप आन् आम्ही'त (1993) पोरांना शिकवायचंच म्हणून हट्टाला पेटलेला पोर्ट ट्रस्टमधला बाप आहे. आणि मग आपण बोलतो ते एकदम कुलगुरूंबद्दल! 2000 साली मुंबईत डॉ. भालचंद्र मुणगेकर, 2006 साली पुण्यात डॉ. नरेंद्र जाधव. हार घातले, घालायलाच हवेत. पण जाधव त्या खुर्चीवर आले ते रिझर्व्ह बँकेतून, स्टाफरूमच्या शिडीने नव्हे. बाबासाहेब 1935 साली सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, हेही आपण फोटोखाली लिहून मोकळे होतो. प्राचार्य म्हणून त्यांचा दिवस कसा जायचा, कोण विचारतो?

पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक, विभागप्रमुख. या मधल्या पायऱ्यांवर काय चालतं ते माझ्या वाचनातल्या एकाही पुस्तकात धड उतरलेलं नाही.

कारण तिथं शिवी नसते, कागद असतो. खाजगी शाळांच्या 1981च्या सेवाशर्ती नियमावलीत आहे : मुख्याध्यापक सेवाज्येष्ठ शिक्षकालाच करायचा. पण त्याला शेपूट आहे. पात्रता हवी आणि सेवेचं रेकॉर्ड समाधानकारक हवं. समाधान कुणाचं? नेमणारे कोण, तर संस्थाचालक. गोपनीय अहवालातली एक ओळ बस्स होते.

माझ्या अहवालात ती होती : 'सहकाऱ्यांशी मिळूनमिसळून वागत नाहीत.' ज्येष्ठता यादीत मी पहिला. खुर्चीत बसला तिसरा, 'प्रभारी' म्हणून. जात कुणीच काढली नाही. उलट चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. आता हे लिहायचं कसं? भुकेची, पाणवठ्याची, गावकुसाबाहेरची भाषा आपण कमावली. या चहाची भाषा आपल्यापाशी नाही. त्या रात्री मी कविता लिहिली तीही पाणवठ्यावरच. खोटी नव्हती, पण त्या दिवसाची नव्हती. दाद मात्र भरपूर मिळाली!

मास्तरांनो, बाईंनो, तुमच्या ट्रंकेत यादीची झेरॉक्स, हरकतीचा अर्ज, त्याची पोच पडली असेल. ती काढा आणि तारीखवार लिहा. कुणी सही केली, कोण गप्प बसलं, आपण कुठं गप्प बसलो, तेही. माझी मी काढलीय. पुढच्या अंकासाठी संपादकांकडे चार पानं मागितली आहेत.