डब्यांची वसाहत

वॉरहॉलनं १९६२ साली सुपाचे ३२ डबे रंगवले. दुकानातला माल चित्र झाला, हीच पॉप आर्ट. १९६६ साली ती अमेरिकन टीव्हीवरच्या 'बॅटमॅन'मध्ये शिरली. ठोसा बसला की पडदाभर रंगीत अक्षरं. मार आहे, दुखत मात्र कुणालाच नाही! असली मारामारी मालकांना परवडते.

गोदारचा 'तिच्याविषयी मला ठाऊक असलेल्या दोन-तीन गोष्टी' (१९६७) मात्र किंमत विचारतो. पॅरिसबाहेरच्या टोलेजंग इमारतींत राहणारी ज्युलिएत चार वस्तूंसाठी शरीर विकते. शेवटी गवतावर धुण्याच्या पावडरीचे वगैरे खोके वसाहतीसारखे मांडलेले. वस्तीचंच दुकान झालं, हे गोदारनं नेमकं पकडलं.

पण खोके भरणारे हात त्या चौकटीत नाहीत. मी साच्यावर उभा राहणारा माणूस. मी आधी तेच शोधतो. ते आपल्यालाच लिहावे लागतील.