'शून्य बुद्धी'चे व्यापारी आणि माझ्या प्रकरणातली एक चूक

अकाउंटिंगमध्ये पीएच.डी. करतोय म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे टॅली का?" आपण हसून सोडून देतो. पण विषय निवडताना आपलीही धाव बहुतेक वेळा ताळेबंद, चार रेशो आणि शंभर जणांची प्रश्नावली एवढीच असते. म्हणून आज श्याम सुंदर यांच्या कामाबद्दल लिहितोय. कौतुक आहेच, पण एक तक्रारही आहे.

हे येल विद्यापीठात अकाउंटिंगचे प्राध्यापक राहिलेले. पण शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, तेही रेल्वेच्या जमालपूरच्या संस्थेतलं. पुढे कार्नेगी मेलनमधून १९७४ साली पीएच.डी. आपल्याकडे बी.कॉम. नसलेल्याला कॉमर्समध्ये गाइड मिळवताना काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, असो. १९९७ च्या त्यांच्या पुस्तकात कंपनी म्हणजे करारांचा एक संच आहे: मालक, कामगार, पुरवठादार, सावकार, सरकार. कोणी काय दिलं आणि कोणाला काय देणं लागतं, याचा हिशोब ठेवल्याशिवाय हे करार चालत नाहीत. अकाउंटिंगचं काम ते. हे वाचल्यावर जमाखर्च कोरडा वाटत नाही.

पण त्यांचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ते धनंजय गोडे यांच्याबरोबर १९९३ साली लिहिलेल्या पेपरसाठी. प्रयोग साधा आहे. कांद्याच्या लिलावात बोली फक्त व्यापारी लावतो. इथे घेणारा आणि विकणारा दोघंही भाव पुकारतात. माणसांच्या जागी त्यांनी कॉम्प्युटर प्रोग्रॅम बसवले. त्यांना ना अनुभव ना डोकं, मनाला येईल तो भाव सांगायचा. एका गटाला काहीच बंधन नाही. दुसऱ्याला एकच: तोट्याचा सौदा करायचा नाही. या दुसऱ्या गटाच्या बाजारात होऊ शकणाऱ्या एकूण फायद्यापैकी सरासरी ९८ टक्क्यांहून जास्त पदरात पडला, म्हणजे माणसांच्या तोडीस तोड. बंधन नसलेला गट बराच मागे राहिला.

आता माझी चूक. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं होतं, "बाजाराला बुद्धीची गरज नसते, हे सिद्ध झाले आहे." गाइडनी 'सिद्ध'भोवती गोल केला आणि विचारलं, "पेपर वाचलास की नुसता सारांश?" खरं सांगू, सारांशच. पेपरच्या नावातच लिहिलंय की बाजार माणसाच्या विवेकाची जागा *अंशतः* घेतो. तो 'अंशतः' मी गिळला होता, आणि मी ज्यांच्यावरून उचललं त्यांनीही.

मग पेपर नीट वाचला, तेव्हा तक्रार सुचली. 'शून्य बुद्धी' हे नाव फसवं आहे. तोटा करायचा नाही हा नियम म्हणजे थोडी बुद्धीच आहे, फक्त ती व्यापाऱ्याच्या डोक्यातून काढून नियमात ठेवली. लेखक ती बाजाराच्या शिस्तीच्या खात्यात टाकतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण खऱ्या बाजारात माणसं तोट्याचे सौदे सर्रास करतात. शिवाय १९९७ मध्ये क्लिफ आणि ब्रुटन यांनी दाखवलं की असे प्रोग्रॅम समतोल भावाजवळ पोचतात ते मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा साधारण सारख्या उताराच्या असतील तेव्हा. उतार बदलला की भाव भरकटतो. आणि एकूण फायदा जास्त झाला म्हणून तो कोणाच्या वाट्याला किती आला हे कळत नाही.

तरी पेपर वाचाच, तोही तक्ते बघत. सोबत फ्रीडमन आणि सुंदर यांचं प्रयोगपद्धतीवरचं १९९४ चं छोटं पुस्तक घ्या. माझं ते वाक्य मी तीनदा बदललं. आता तिथे 'अंशतः' आहे, आणि पुढच्या ओळीत उताराची अट.