कृंतकांच्या अग्र-बाह्यकाची परिभाषा : एक चिकित्सा

उंदीर, घूस, खार इत्यादी कुरतडणाऱ्या प्राण्यांना शास्त्रीय मराठीत 'कृंतक' म्हणतात. त्यांच्या मेंदूच्या पुढील भागातील बाह्यकाची पेशीरचना व तंतुरचना हा विषय शरीररचनाशास्त्राचा खरा. तथापि तो मराठीत मांडू लागताच भाषेचे काही मूलभूत प्रश्न उभे राहतात. प्रस्तुत टिपणात त्यांपैकी तिहींचा विचार करावयाचा आहे.

पहिला प्रश्न 'मज्जा' या शब्दाचा. संस्कृत वैद्यकात मज्जा म्हणजे हाडांतील मगज. मराठीत मात्र 'मज्जातंतू' व 'मज्जासंस्था' हे शब्द संवेदनावाहक यंत्रणेसाठी रूढ झाले. योगायोग असा की, तंतूंवरील मेदयुक्त आवरणास १८५४ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी 'मायलिन' हे नाव दिले, तेही ग्रीक भाषेतील मगजवाचक शब्दावरूनच. म्हणून त्या आवरणासही कोणी 'मज्जा' म्हटले, तर ते व्युत्पत्तीस धरूनच होईल. परंतु मग आवरण नसलेल्या तंतूस 'मज्जारहित मज्जातंतू' म्हणण्याची पाळी येते! ज्या प्रकरणात मायलिनची विरळता व दाटी हाच क्षेत्रभेदाचा एक निकष आहे, तेथे ही संदिग्धता घातक होय. उंदराच्या प्रेरक क्षेत्रात मायलिनयुक्त तंतू दाट असतात. मध्यभित्तीवरील 'प्रीलिंबिक' क्षेत्रात ते विरळ असतात. हा साधा भेद सांगण्यास 'मायलिनयुक्त अक्षतंतू' एवढेच पुरे आहे. येथे परका शब्द तसाच ठेवणे हीच भाषेची सेवा होय.

दुसरा प्रश्न 'कणमय' व 'कणरहित' या विशेषणांचा. मनुष्याच्या पूर्वललाट भागात बाह्यकाच्या चौथ्या थरात लहान पेशींची दाटी असते; रंगविलेल्या छेदात त्या कणांसारख्या दिसतात. १९०९ मध्ये कोर्बिनिआन ब्रॉडमन यांनी बाह्यकाचे जे क्षेत्रविभाजन प्रसिद्ध केले, त्यात या थरास महत्त्व होते. उंदराच्या अग्रभागात हा चौथा थर वेगळा ओळखता येत नाही; तिसऱ्या थरानंतर एकदम पाचवा येतो. यालाच 'कणरहित' म्हणतात. परंतु हे विशेषण विद्यार्थ्यास अकारण असे सुचविते की, तेथे लहान पेशीच नाहीत. 'चतुर्थस्तरहीन' हा शब्द काहीसा जड खरा, पण तो खोटे बोलत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. 'ललाट' म्हणजे कपाळ. उंदराच्या या भागास 'ललाटखंड' म्हणताच, मनुष्याच्या विवेकाशी जोडलेल्या भागाचे ते लघुरूप आहे, असा निष्कर्ष नावातच शिरतो. वास्तविक याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घ वाद आहे. १९४८ मध्ये रोज व वूल्सी यांनी पेशींच्या थराऐवजी थॅलॅमसच्या मध्यपृष्ठीय केंद्रकाकडून येणारे तंतू हा निकष पुढे केला. त्यानुसार कृंतकांतही समकक्ष क्षेत्र सापडते. उलट १९९५ मध्ये टॉड प्रॉइस यांनी या समकक्षतेवरच प्रश्नचिन्ह लाविले. म्हणजे पेशी पाहिल्या तर एक उत्तर आणि तंतू पाहिले तर दुसरे!

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही अडचण परिचयाची आहे. 'शिक्षा' हा शब्द मराठीत दंडाचा, तर हिंदीत अध्ययनाचा. मूळ एक, कार्य भिन्न. समान मूळ म्हणजे समान अर्थ नव्हे आणि वरवरचे साम्य म्हणजे नाते नव्हे, हे आपण शब्दांविषयी मान्य करतो. मेंदूच्या क्षेत्रांविषयीही तेच मान्य करावयास हवे. म्हणून कृंतकांसाठी केवळ स्थानवाचक 'अग्र-बाह्यक' हाच शब्द योजावा. नात्याचा निर्णय पुराव्याने व्हावा, नावाने नव्हे.

या चर्चेस एक व्यावहारिक बाजूही आहे. मराठी विश्वकोशात 'तंत्रिका तंत्र' आहे, शालेय पुस्तकांत 'चेतासंस्था' आहे आणि लोकांच्या तोंडी 'मज्जासंस्था' आहे. वर्धा जिल्हा तर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. डॉ. रघुवीर यांचे परिभाषाकार्य त्या काळात नागपुरासच चालले होते, आणि राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून वर्ध्यासच आहे. त्यामुळे आष्टीसारख्या गावातील विद्यार्थ्याच्या कानी मराठीची पेशी व हिंदीची कोशिका, दोन्ही पडतात. तो जेव्हा विज्ञानाच्या पदवीवर्गात येतो, तेव्हा त्यास मेंदू कठीण वाटत नाही. एका वस्तूची तीन नावे आणि एका नावाच्या तीन वस्तू कठीण वाटतात. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

संस्कृत धातूंपासून शब्द घडविण्याचे आपले सामर्थ्य निःसंशय मोठे आहे. परंतु परिभाषेची कसोटी शब्दाच्या सौष्ठवात नसून, त्याच्या योगाने दोन भिन्न वस्तू भिन्न दिसतात की नाही, यात आहे. उंदराच्या मेंदूएवढ्या लहानशा जागेतही ती कसोटी पुरेपूर लागते.